फितींत राहिलेल्या मैफली

हिंगोलीहून कळमनुरी आणि आखाडा बाळापूर मागें टाकून नांदेडकडे निघालें, म्हणजे वारंगा फाट्यावर गाडी थांबतेच. हदगांवकडून येणारा मोठा रस्ता येथें मिळतो, आणि दोन्ही वाटांवरचे प्रवासी येथील खिचडीच्या वासानें खालीं उतरतात. ह्या खिचडीची कीर्ति दूरवर पसरलेली आहे. तिच्याविषयीं अधिक लिहिण्याचा मोह आवरून आम्ही मूळ विषयाकडे वळतों. गेल्या हिवाळ्यांत अशाच एका थांब्यावर शेजारच्या बांकावर बसलेल्या तीन गृहस्थांनीं आमचें लक्ष वेधून घेतलें. त्यांच्यापुढील बशा निवत चालल्या होत्या, आणि तिघेहि एका भ्रमणध्वनीवर माना वांकवून बसले होते. त्यांतून जें ऐकूं येत होतें तें अद्याप गाणें नव्हतें. तंबोरे जुळत होते, कोणी तरी खोकलें, एक पेला खणकन् खालीं पडला, आणि मग हलक्या आवाजांत कोणी विचारलें, "बुवा, चहा घेणार?" त्या प्रश्नाबरोबर तिघांपैकीं वडील गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें. "हा आमच्या दादांचा आवाज," ते सोबत्यांस म्हणाले.

त्या गृहस्थांस आम्हीं ओळखलें, आणि ओळखल्यावर आमच्या घशाखालीं घांस उतरेना. त्याचें कारण पुढें येईल. परंतु प्रथम वाचकांस हें सांगावयास पाहिजे कीं, जुन्या मैफलीची एखादी अज्ञात फीत हातीं लागली असतां भल्याभल्या, वयानें प्रौढ व स्वभावानें शांत अशा माणसांची जी अवस्था होते, तिला एक इतिहास आहे. तो इतिहास राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतका जुना नाहीं. परंतु त्यांतहि लाभ आणि हानि, निष्ठा आणि चोरी, हें सर्व आहे.

इ. स. १९०२ च्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीचा तज्ज्ञ फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला, आणि गौहरजानचा आवाज तबकडीवर उतरला. गाणें संपतां संपतां ती स्वतःचें नांव इंग्रजींत उच्चारी. कारण तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें छापून येत, आणि तेथील कारागिरांस कोणत्या तबकडीवर कोणाचें नांव चिकटवावें हें त्यावरून कळे. गायनविद्येचा यंत्राशीं जो संसार सुरू झाला तो असा. त्या संसारांत यंत्राची अट मोठी जाचक होती. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटें, आणि बारा इंचीवर साडेचार, याहून अधिक कांहीं मावत नसे. ज्या रागाची नुसती स्थापना करण्यास गवई अर्धा तास घेई, त्याचा आरंभ, विस्तार आणि ताना, सर्व तेवढ्यांत उरकावें लागे.

कित्येक गवयांनीं ही अट म्हणजे अपमान मानला. कांहींनीं मात्र तिच्यांतूनच एक नवी कला निर्माण केली. अब्दुल करीम खांसाहेबांच्या तबकड्या ज्यांनीं ऐकल्या आहेत, त्यांस हें निराळें सांगणें नको. तीन मिनिटांत सर्व कांहीं आहे आणि घाई मात्र कोठेंच नाहीं, हा चमत्कार त्यांत आहे. अशा तबकडीला मैफलीची सावली म्हणणें आमच्या मतें अन्यायाचें होईल. भावगर्भ चार चरणांच्या रचनेला कोणी महाकाव्याचा तुकडा म्हणत नाहीं. तथापि ता. २७ ऑक्टोबर १९३७ रोजीं मद्रासकडील सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा रेल्वे स्टेशनावर खांसाहेबांनीं देह ठेवला, तेव्हां त्यांच्या तासन् तास चालणाऱ्या मैफलीचें जें कांहीं होतें तें ऐकणाऱ्यांच्या कानांत राहिलें, आणि त्या कानांबरोबर गेलें.

त्यांचें निदान एवढें तरी उरलें. भास्करबुवा बखल्यांचें काय उरलें? बुवांनीं १९११ सालीं पुण्यास भारत गायन समाज स्थापिला. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव हे त्यांचे शिष्य. 'देवगंधर्व' ही पदवी लोकांनीं त्यांस प्रेमानें दिली. १९२२ मध्यें ते वारले, आणि त्यांच्या गळ्याची तबकडी आज कोणापाशीं नाहीं. अल्लादिया खांसाहेबांची गोष्ट तर अधिकच मनास लागते. ते १८५५ सालीं जन्मले आणि मुंबईस १९४६ मध्यें कैलासवासी झाले. कोल्हापूरच्या दरबारीं राहून त्यांनीं जी गायकी घडविली ती केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर अशा शिष्यांच्या गळ्यांतून सर्व हिंदुस्थानानें ऐकली. पण मूळ गळा मात्र कोठेंहि ऐकावयास मिळत नाहीं. यंत्र त्यांच्या हयातींत पूर्ण चव्वेचाळीस वर्षें ह्या देशांत होतें. त्यांनीं त्याच्यापुढें गाणें पसंत केलें नाहीं.

चुंबकीय फितीचें यंत्र जर्मनींत १९३५ मध्यें लोकांपुढें आलें, आणि दुसरें महायुद्ध संपल्यावर जगभर पसरलें. आपल्याकडे तें आलें तें साधारण १९५० च्या आगेंमागें. तेव्हां अल्लादिया खांसाहेबांच्या मृत्यूस चार-पांच वर्षें झालीं होतीं. काळाच्या हिशेबांत हें अंतर किती थोडें! उलट दत्तात्रेय विष्णु पलुसकर यांचें पाहा. नाशकास १९२१ मध्यें जन्मलेला हा गवई १९५५ च्या ऑक्टोबरांत, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षीं गेला. दीर्घवादन तबकडीचा काळ आपल्याकडे अजून यावयाचा होता. त्यांच्या हयातींतील तबकड्या त्याच जुन्या तीन मिनिटांच्या. परंतु मधल्या चार-पांच वर्षांत रेडिओच्या आणि रसिकांच्या घरच्या फितींवर त्यांचे विस्तृत ख्याल उतरले होते, आणि त्यांच्या पश्चात् जे लोक त्यांचें गाणें ऐकतात, ते मुख्यत्वेंकरून ह्या फितींच्या पुण्याईनें. अल्लादिया खांसाहेब नव्वद वर्षें जगले आणि त्यांचा स्वर उरला नाहीं. पलुसकर चौतीस वर्षें जगले आणि त्यांचा उरला. आयुर्मानाचा आणि उरण्याचा असा कांहींच संबंध नसतो, हें ध्यानांत आलें म्हणजे इतिहासाच्या अभ्यासकाचा आपल्या साधनांवरील विश्वास थोडा डळमळतो.

सरकारी रेडिओनें १९५२ सालीं संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू केला, आणि त्यामुळें मोठमोठ्या गवयांचें सलग गायन घरोघर पोंचूं लागलें. तरी रेडिओचें गाणें तें रेडिओचें. बंद खोली, भिंतीवर घड्याळ, समोर काच. दाद देण्यास कोणी नाहीं. रसिकांचा जीव अडकला तो घरगुती मैफलींच्या फितींत. ह्या फिती उतरून घेणारे लोक कोण होते हें पाहिलें तर मौज वाटते. ते बहुधा गवई नव्हते. डॉक्टर, वकील, कापडाचे व्यापारी, इंजिनिअर असे ते होते. परदेशी यंत्र विकत घेण्याची ऐपत आणि गाण्याचें वेड ह्या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठायीं असणें अवश्य होतें, आणि महाराष्ट्रांत अशीं माणसें निघालीं हें आपलें भाग्य. तें अवजड यंत्र टांग्यांत घालून ते मैफलीच्या घरीं नेत, आणि गवयाच्या पुढ्यांत सूक्ष्मध्वनिक्षेपक ठेवण्यापूर्वीं त्याची मिनतवारी करीत.

सात इंची चक्रीवर बाराशें फूट फीत बसे. सेकंदाला साडेसात इंच ह्या वेगानें ती बत्तीस मिनिटांत संपे. वेग निम्मा केला तर काळ दुप्पट मिळे, पण आवाज तितका स्वच्छ येत नसे. म्हणून यजमानापुढें नेहमीं प्रश्न असे कीं, स्वच्छ आवाज घ्यावा कीं सबंध राग घ्यावा? बहुतेकांनीं सबंध राग घेतला, आणि आमच्या मतें तो निर्णय योग्य होता. तरीहि चक्री बदलण्याचा क्षण चुकत नसे. विलंबिताची बढत ऐन तारषड्जापाशीं आलेली असावी, श्रोते श्वास रोखून बसलेले असावे, आणि तेवढ्यांत फीत संपावी! पुढची चक्री सुरू होते तेव्हां "वाहवा" ऐकूं येते. ती ज्याच्यासाठीं होती तो स्वर मात्र नाहींसा झालेला असतो. जुन्या फितींचे शौकीन अशा जागा एकमेकांस तोंडपाठ सांगतात. कोणता स्वर हरवला ह्यावर त्यांचे वादहि होतात.

फितीचे विकार आणखीहि आहेत. चक्रीवर गुंडाळलेली फीत वर्षानुवर्षें तशीच राहिली तर एका वेढ्यावरचा ठसा शेजारच्या वेढ्यावर अंधुक उमटतो. मग ऐकतांना पुढें येणारी तान क्षणभर आधीं, दूर कोठें तरी गायिल्यासारखी ऐकूं येते. सम येण्यापूर्वींच समेची चाहूल लागते. नकलेवरून नक्कल होत गेली म्हणजे खरखर वाढते. पण सर्वांत घातक विकार वेगाचा. मूळ यंत्राचा आणि नक्कल करणाऱ्या यंत्राचा वेग जुळला नाहीं, शेंकडा सहांनीं जरी वाढला, तरी सबंध गाणें अर्ध्या स्वरानें वर चढतें. काळी एकचा गवई पांढरी दोनमध्यें गाऊं लागतो, त्याच्या ताना अधिक चपळ होतात, आणि साठीच्या माणसाच्या आवाजांत चाळिशीची धार येते. अशा फिती ऐकून कित्येकांनीं गवयांच्या तरुणपणाविषयीं मोठमोठे सिद्धांत बांधलेले आम्हीं पाहिले आहेत.

आम्ही महाविद्यालयांत शिकत असतां, म्हणजे १९९० च्या सुमारास, चक्रीचें युग संपून कॅसेटचें आलें होतें. फिलिप्स कंपनीनें १९६३ मध्यें काढलेली ही चिमुकली वस्तु आपल्या मध्यम वर्गाच्या हातीं पोंचण्यास थोडा अवधि लागला; पण पोंचल्यावर जें घडलें त्याला क्रांति म्हणण्यास हरकत नाहीं. कुमार गंधर्वांची एखादी खासगी मैफल पुण्याहून निघे ती औरंगाबादेस, तेथून परभणीस, तेथून नांदेडास पोंचे, आणि प्रत्येक मुक्कामीं तिला पिलें होत. "एक द्या, एक घ्या" हा सर्वमान्य नियम होता. ज्याच्यापाशीं द्यावयास कांहीं नसे त्यास कोऱ्या कॅसेटी देऊन विनवण्या कराव्या लागत. नवी फीत आली कीं पहिला प्रश्न "काय गायले?" हा नसे, "मूळ चक्रीवरून आहे कीं नकलेवरून?" हा असे. वसंतराव देशपांड्यांच्या एका मैफलीची नक्कल मिळविण्यासाठीं आम्ही भर पावसाळ्यांत एस. टी. नें दीडशें मैल गेलों होतों, आणि तेथें पोंचल्यावर तीच मैफल आमच्यापाशीं दुसऱ्या नांवानें अगोदरच आहे असें निघालें. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसनें बड्या कंपन्यांनीं दुर्लक्षिलेल्या गवयांच्या कॅसेटी रीतसर काढल्या, त्याविषयीं महाराष्ट्रानें त्या संस्थेचें ऋणी राहिलें पाहिजे. नाहीं तर हा सर्व व्यवहार अंधारांतच राहता.

हें वेड केवळ आपलेंच आहे असें कोणी समजूं नये. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं १९६५ सालीं ग्रेटफुल डेड नांवाचा एक वाद्यवृंद निघाला. त्यांचें संगीत रॉक ह्या जातीचें. आमच्या कानांस तें फारसें मानवत नाहीं हें कबूल करतों. पण त्यांच्यांत आणि आपल्या गवयांत एक विलक्षण साम्य आहे. एकच गीत ते दोन रात्रीं सारखें वाजवीत नसत. रंग भरला कीं वाढवीत नेत. त्यामुळें श्रोत्यांस प्रत्येक रात्र निराळी हवी असे. ते यंत्रें घेऊन येत, आणि वृंदानें त्यांस हांकलून देण्याऐवजीं १९८४ पासून बसण्यास स्वतंत्र जागाच नेमून दिली. ता. ८ मे १९७७ रोजीं कॉर्नेल विद्यापीठांत झालेला त्यांचा जलसा हातोहात नकला होऊन इतका गाजला कीं, अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयानें तो २०११ च्या राष्ट्रीय ध्वनिसंग्रहाच्या यादींत घेतला. आणि खुद्द तबकडी-स्वरूपानें तो विक्रीस आला २०१७ मध्यें, चाळीस वर्षांनीं! यादी आधीं आणि प्रकाशन नंतर, असा हा उलटा क्रम आहे.

आमच्या गवयांचा हात इतका सैल नव्हता, आणि त्यांस दोष देण्यापूर्वीं त्यांची बाजू ऐकून घेणें न्यायाचें आहे. ज्या घराण्यांत एकेक अनवट बंदिश वर्षानुवर्षें सेवा केल्यावर मिळे, तेथें ती बंदिश कोणा परक्याच्या कपाटांत जाऊन पडणें म्हणजे घरांत चोर शिरण्यासारखें होतें. शिवाय गळा रोजच साथ देतो असें नाहीं. वाईट रात्रीचें गाणें ऐकणाऱ्यांनीं सकाळीं विसरावें अशी सोय जुन्या काळीं होती, ती फितीनें काढून घेतली. केसरबाई केरकरांची ध्वनिमुद्रणाविषयींची नाराजी सर्वश्रुत आहे. दैवाची गंमत अशी कीं, त्यांच्याच भैरवीची साडेतीन मिनिटांची तबकडी १९७७ मध्यें व्हॉयेजर यानांबरोबर सूर्यमालेच्या बाहेर धाडण्यासाठीं निवडली गेली, आणि यानें निघाल्यावर त्याच सप्टेंबरांत बाईंचा अंत झाला. कायद्यानें म्हणाल तर १९५७ च्या ग्रंथस्वामित्वाच्या कायद्यांत तबकडी काढणाऱ्याचा हक्क होता, गाणाऱ्याचा नव्हता. तो १९९४ च्या दुरुस्तीनें आला, प्रथम पंचवीस वर्षांपुरता आणि १९९९ पासून पन्नास वर्षांपुरता. म्हणजे जुन्या बहुतेक मैफलींत गवयापाशीं आपल्या शब्दावांचून दुसरें साधन नव्हतें. "ऐका, पण वाटूं नका," एवढेंच तो म्हणूं शके.

पुण्या-मुंबईकडे ह्या फितींची कांहीं व्यवस्था झाली. मुंबईस नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स येथें संग्रह आहे. कुमार गंधर्वांचे शिष्य सत्यशील देशपांडे यांनीं संवाद फाउंडेशनच्या द्वारें पुष्कळ गवयांचें गायन जमविलें. जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची एक संस्था १९९० पासून मुंबईंत काम करीत आली. मराठवाड्याची स्थिति निराळी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखालीं होता. येथील कलावंतांचे डोळे हैदराबादेकडे आणि महाराष्ट्राचे डोळे त्यांच्याकडे नाहींत, अशी त्यांची कुचंबणा झाली. नांदेडास अण्णासाहेब गुंजकरांनीं शिष्य तयार केले, त्यांपैकीं नाथराव नेरळकरांचें नांव सर्वत्र झालें. ते २०२१ मध्यें वारले. पण ज्यांचें नांव झालें नाहीं असे कितीतरी. ज्या हिंगोली जिल्ह्यांत नामदेवांचें नर्सी आहे, आणि ज्या औंढ्याला नामदेवांच्या कीर्तनासाठीं देऊळ फिरलें अशी कथा आहे, तेथें गळ्यांची उणीव कधींच नव्हती. उणीव होती यंत्राची.

असें एक यंत्र मात्र एकदां ह्या बाजूस आलें होतें. हैदराबादेस नोकरीस असलेल्या एका आप्तानें तें सुट्टींत आणलें, आणि वारंगा फाट्यापासून जवळच्याच एका गांवीं, एका शिक्षकाच्या वाड्यांत, माळ्यावर पडून असलेले तंबोरे पुसून मैफल झाली. गवई ह्याच भागांतले; त्यांच्या कुटुंबीयांची अनुमति न घेतल्यामुळें नांव देत नाहीं. कोणत्याहि तबकडीवर तें नांव नाहीं, रेडिओवर ते गेले नाहींत. त्या रात्रीच्या दोन चक्र्या, एवढाच त्यांचा ठसा. मैफल संपल्यावर बुवांनीं तेंच सांगितलें: ऐका, पण वाटूं नका. गुरुजींनीं, म्हणजे त्या यजमान शिक्षकांनीं, तो शब्द तीस वर्षें पाळला. १९९८ मध्यें, आम्ही नवे प्राध्यापक असतांना, आमचें वेड पाहून त्यांनीं त्या दोन्ही चक्र्या आमच्या स्वाधीन केल्या आणि तोच शब्द आमच्याकडून घेतला.

तो शब्द आम्हीं इतक्या कडकपणें पाळला कीं, स्वतःसाठींसुद्धां नक्कल केली नाहीं. चक्रीचें यंत्र आमच्यापाशीं नव्हतें. कोणाकडे नेलें तर नक्कल होईल, ही भीति. चक्र्या लांकडी पेटींत, पेटी कपाटांत. गुरुजी वारले. कांहीं वर्षांनीं पावसाळ्यांत आमच्या घराच्या त्या भिंतीस ओल आली, आणि पेटी उघडली तेव्हां उग्र शिरक्यासारखा वास सुटला. फितीवर पांढरी बुरशी होती. बोटानें उचलतां ती वाळल्या पानासारखी मोडली. जाणत्यांस दाखविलें; उपाय नाहीं असें ते म्हणाले. ही गोष्ट आम्हीं कोणास सांगितली नव्हती.

वारंगा फाट्यावरचे ते वडील गृहस्थ म्हणजे गुरुजींचे थोरले चिरंजीव. त्यांनींहि आम्हांस ओळखलें, आणि हात धरून आपल्या बांकावर बसविलें. हें कोठून मिळालें, असें आम्हीं विचारलें. ते थोडे ओशाळले. त्यांच्या धाकट्या बंधूंनीं, दादा परगांवीं गेले असतां, एका मित्राचें यंत्र आणून पहिल्या चक्रीची कॅसेट चोरून करून घेतली होती. दादांच्या भीतीनें ती मामाच्या घरीं लपविली, आणि पुढें विसरून गेले. मामांचें घर आवरतांना ती आतां सांपडली. "दादा असते तर त्यांनीं आम्हांस घराबाहेर काढलें असतें," ते म्हणाले, आणि हंसले.

कॅसेट एका बाजूपुरतीच होती. द्रुत नुकतें सुरू झालें होतें, तबला रंगांत आला होता, मागून कोणी हातानें ताल धरल्याचा आवाज येत होता. आणि तेथेंच सर्व एकदम थांबलें. तिघेहि आमच्याकडे पाहूं लागले. "सर, मूळ चक्र्या तुमच्यापाशीं आहेत. पुढचें सगळें त्यांत असेल. बुवा आतां नाहींत, दादाहि नाहींत. त्यांच्या शब्दाचें ओझें आम्ही घेतों. तेवढें उतरवून द्या."

आम्हीं त्यांस पेटीची हकीगत सांगितली. ओल, वास, सर्व. सांगतांना आम्ही रस्त्याकडे पाहत होतों. हदगांवकडील एक गाडी येऊन थांबली, माणसें उतरलीं, पोऱ्यानें आमच्यापुढें आणखी एक बशी आणून ठेवली. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग त्यांनीं ती बशी आमच्याकडे सरकविली, "खा सर, निवेल," असें म्हणाले, आणि भ्रमणध्वनि हातांत घेऊन मुद्रण पुन्हां पहिल्यापासून लावलें. तंबोरे जुळूं लागले. कोणी तरी खोकलें. पेला पडला.